हवाबंद कडबा

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

आज लातूरहून पत्र आलं. जिल्हा होऊन तीन वर्षं उलटून गेली, तरी पाकिटावर उस्मानाबादच छापलेलं आणि त्यावर रेघ मारून लातूरचा शिक्का. रेघ वाकडी आहे. मी शाळेत असली रेघ चालवून घेत नाही.

मजकूर असा, की सरकारने गावोगाव दिलेल्या टी.व्ही. संचांची एप्रिलअखेरपर्यंत पाहणी होईल. ज्या गावात सरासरी साठ माणसं बघायला बसत नाहीत, तिथला संच उचलून गरजू गावाला देण्यात येईल. आमच्या कोनाळवाडीच्या संचासाठी तळेवाडीने आधीच अर्ज टाकलेला आहे. तळेवाडीकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती.

हा संच आणण्यासाठी मी सात वेळा लातूरला गेलो होतो. एकतीस वर्षं मास्तरकी केली. पुढच्या वर्षी निवृत्त होईन, तेव्हा 'गुरुपादप्पा गुरुजींनी गावासाठी काय केलं' असं कुणी विचारलंच, तर शाळेच्या ओसरीवरच्या, संच ठेवलेल्या लाकडी कपाटाकडे आणि छपरावरच्या जाळीच्या छत्रीकडे बोट दाखवता येईल. दुसरीकडे कुठे दाखवता येईल असं वाटत नाही.

हजेरीवही काढून पाहिली. जानेवारीची सरासरी एक्याऐंशी. तेव्हा मी निर्धास्त आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विहिरीने तळ गाठला. टँकर दिवसाआड येतो, तोही त्याच्या मर्जीने. अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर आहे. संध्याकाळी साडेसहाला कपाटाचं कुलूप काढतो, तेव्हा माणसं कामावरून तशीच, केसांत माती घेऊन येऊन बसतात. बघून बरं वाटतं. दुष्काळात माणसाला पाण्याच्या खालोखाल ज्ञानाची तहान असते, असं मी परवा तलाठ्यांना म्हणालो. त्यांनी मान हलवली.

बसायची पद्धत अशी. संचाशेजारी माझी खुर्ची आणि हजेरीवही. मी सगळ्यांना मोजतो, स्वतःला मोजत नाही, कारण मी संच सांभाळणारा आहे, बघणारा नाही. समोर पुरुष, मागे कडुनिंबाखाली बायका. बायकांच्या मधोमध आमची शिवकांता. ही तिथे बसली की अखंड कुजबुज चालू. आज मी दोनदा खाकरलो, एकदा वही आपटली. उपयोग शून्य. मुंबईचे निवेदक इतकं स्वच्छ, शुद्ध बोलतात, प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा, आणि मागे हिचं अर्धं कानडी अर्धं मराठी चाललेलं. हिचं माहेर भालकीचं, शिक्षण चौथी आणि तेही कानडीतून. मी लग्नानंतर शिकवायचा प्रयत्न केला होता. दोघांच्याही हिताचा विचार करून तो सोडला.

आणखी एक. अलीकडे पुरुषसुद्धा सरकत सरकत मागे जाऊन बसतात. समोर जागा मोकळी असते. जवळून पाहिल्याने डोळ्यांना त्रास होत असावा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शिवकांता भालकीला गेली. धाकट्या बहिणीच्या मुलीचं बाळंतपण आहे, महिना तरी लागेल. देवणीपर्यंत सोडायला गेलो होतो. एस.टी.त बसताना म्हणाली, "सांजच्याला जेवून घ्या येळेवर. आन् नागुबाईला शेंगाचं बी कसं राखायचं त्ये सांगायचं ऱ्हायलं. तिला म्हनावं, मी आल्यावर सांगते."

मी म्हणालो, "ते परवाच टी.व्ही.वर सविस्तर सांगितलं आहे."

"हाव, सांगितलंय की," असं म्हणून ती हसली. कशाला हसली ते विचारायच्या आत गाडी हलली.

आता महिनाभर तरी कार्यक्रम शांततेत होतील.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हजेरी बावन्न. टँकर नेमका साडेसहाला आला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चौतीस. उकाडा फार.

शेजारची नागुबाई रोज विचारते, "गुर्जी, आक्का कवा येनार?" आज केवळाबाईनेही विचारलं. हिच्यावर गावातल्या बायकांची माया आहे खरी. पण आल्या आल्या एवढं विचारून त्या परत घरी का जातात, ते कळत नाही.

५ मार्च, बुधवार

आजची हजेरी एकोणीस.

एक मात्र सांगितलं पाहिजे. इतकी शांतता या ओसरीवर मी कधी अनुभवली नव्हती. आणि विषय तर असा, की दुष्काळात देवाने धाडावा. कडब्याला काही कस राहिलेला नसतो, त्यावर युरियाचं पाणी शिंपडून तो हवाबंद ठेवायचा, एकवीस दिवसांनी जनावरांना घालायचा. निवेदक म्हणाले, "निकृष्ट वैरणीवर युरियाच्या द्रावणाची प्रक्रिया करून ती हवाबंद अवस्थेत ठेवल्यास तिची पोषणमूल्ये वृद्धिंगत होतात." काय वाक्य आहे! मी वहीत उतरवून घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर सटवाजीने हात वर केला. पन्नाशीचा माणूस आहे, पण ओसरीवर आला की हात वर करूनच विचारतो, कारण माझ्याच प्रौढ वर्गात तो सही शिकला. म्हणाला, "गुर्जी, त्यो एक शबुद काय म्हनला त्यो?"

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. हवा + बंद = हवाबंद. सामासिक शब्द. फोड करून दाखवली. सटवाजीने मान डोलावली, बाकीच्यांनीही डोलावली. शिकवल्याचं समाधान घेऊन घरी आलो. भाकरी मात्र माझीच मला थापावी लागली आणि तिचा आकार शिकवण्याजोगा नव्हता.

७ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण दैनंदिनीत खोटं लिहायचं तर ती ठेवावी कशाला.

सकाळी सटवाजीच्या गोठ्यापुढे गर्दी. त्याचा शेवरा, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा खास देवणी बैल, पोट फुगून आडवा पडला होता. तोंडाला फेस, अंगाला कापरं. या वर्षी गावात अर्ध्या दावणी रिकाम्या झाल्या, तेव्हा सटवाजीने घरचं छप्पर उतरवून त्या पाचटावर हे जनावर जगवलं आहे. त्याची बायको विठाबाई शेवऱ्याच्या मानेवर हात ठेवून बसली होती.

देवणीहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी येतानाच शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणला होता, तो थंड पाण्यात मिसळून नळीने पाजला. दोन तास आम्ही सगळे उन्हात उभे. मग शेवऱ्याने कान हलवला. दुपारून तो उठून उभा राहिला आणि विठाबाई रडायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "ओला युरिया तसाच खाऊ घातलाय. एकवीस दिवस झाकून ठेवायला नको?"

सटवाजी माझ्याकडे बघत म्हणाला, "गुर्जीनं फळ्यावर लिवून दावलं व्हतं सायेब. हवा बंद. म्हनून म्या सांजच्याला हवा पडायची वाट बगितली. झाडाचं पान हालंना, तवाच शिंपडलं. आन् यकवीस दिवस घालायचं म्हनून पयला दिवस आज धरला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दिलेला गृहपाठ केला आणि तरी चुकला, असा त्याचा चेहरा होता.

मी शाळेत गेलो आणि फळा पुसला. दोनदा पुसला.

१० मार्च, सोमवार

हजेरी अकरा. त्यातले तीन टँकरची वाट बघणारे.

नागुबाई मडकं घेऊन चालली होती. मी तिला थांबवून विचारलंच, की तुम्ही बायका येत का नाही. ती मडकं कमरेवरून न उतरवता म्हणाली, "खरं सांगू का गुर्जी? राग मानू नगा. टी.व्ही. बगायला झ्याक हाय. पर ऐकत आमी आक्काचंच असताव. त्यो बाबा काय बोलतोय, तेचं त्येलाच ठावं."

मी म्हणालो, "तो मराठीच बोलतो."

"आसंल की," ती म्हणाली. "आमी कुटं न्हाई म्हनलं?"

बायकांना आपल्या मैत्रिणीचं कौतुक करायची सवय असते, असं म्हणून मी घरी आलो. जेवायला बसलो. मग लक्षात आलं, की पुरुष सरकत सरकत मागे जात होते ते डोळ्यांच्या त्रासाने नव्हे. सगळ्यांचे कान बायकांकडे असायचे. मी संचाशेजारी खुर्ची टाकून दीड वर्ष बसलो आणि मला गावाची फक्त डोकी मोजता आली.

वाईट वाटलं. लिहितो तसं थोडं नव्हे, पुष्कळ वाटलं.

भालकीला कार्ड टाकलं. 'बाळ-बाळंतीण सुखरूप असतील. इकडे संचाची हजेरी घसरली आहे. सवड झाल्यास ये.' हजेरीचा आणि तिच्या येण्याचा संबंध आहे असं मी कार्डात म्हटलेलं नाही. ती चौथी शिकली आहे, समजेल तिला.

२२ मार्च, शनिवार

काल दुपारी शिवकांता आली. संध्याकाळची हजेरी सत्त्याण्णव. टँकरही आला नव्हता, त्यामुळे दुसरं कारण लिहिता येत नाही.

आज सकाळी ती तडक सटवाजीच्या घरी गेली. मी मागोमाग गेलो आणि गोठ्याच्या कुडाबाहेर उभा राहिलो. आत जायचं धाडस झालं नाही. सटवाजीला धीर होत नव्हता. तो म्हणत होता, "नगं आक्का, पुन्यांदा नगं. जनावर हातचं जाता जाता ऱ्हायलंय."

"आरं, लोनचं घालताव का न्हाई तुमी?"

विठाबाई म्हणाली, "घालताव की."

"कैरी चिरली, मीठ लावलं, आन् लगेच खाल्लं तर काय हुतंय?"

"दात आंबतेत."

"मंग काय करताव?"

"बरनीत दाबून भरायची, तोंड बांधायचं, मुरू द्यायचं."

"आत्ता कसं. कडब्याचं बी लोनचंच हाय ह्ये. शंभर किलो कडब्याच्या कुट्टीला चार किलो युरिया, पाण्यात पार इरघळवायचा. थर घाल, शिंपड, पायानं दाब. मंग वरून ताडपत्री, कडंनं माती लिंपायची. आत वारा गेला की नासलं. यकवीस दिस तोंड सोडायचं न्हाई. आन् सोडल्यावर घटकाभर पसरून ठिवायचं, वास उडू द्यायचा. बारक्या वासराला तर आजाबात न्हाई घालायचं."

निवेदकांचं ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. हे उतरवून घ्यायला वही नव्हती, तरी सगळं लक्षात राहिलं.

३ एप्रिल, गुरुवार

दूरदर्शनच्या सिंधु मॅडम पाहणीला आल्या. मूळच्या अहमदपूरच्या, आता मुंबईला असतात, तिशीच्या आतबाहेर. मी त्यांच्यासाठी संचाशेजारी दुसरी खुर्ची मांडली होती, तिच्यावर टॉवेलही घातला होता. त्या गेल्या मागे आणि कडुनिंबाखाली बसल्या. तासभर त्यांनी संचाकडे एकदाही पाहिलं नाही, हिच्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, संपलं. गेला संच तळेवाडीला.

निघताना म्हणाल्या, "गुरुजी, इथल्या लोकांसाठी इथल्याच माणसांचा कार्यक्रम आम्ही करतोय. कडब्याच्या लोणच्याचं आत्ता बायकांकडून ऐकलं, ते काकूंनी सांगावं असं वाटतं. मंगळवारी माणसं घेऊन येते. दाखवतील त्या दिवशीही मी इथंच येईन, लोक कसं बघतात ते बघायला. संचाचं तेव्हा ठरवू."

म्हणजे संच राहणार की जाणार ते शिवकांतावर आलं. मला आनंद झाला आणि लगेच घोर लागला. ही काय बोलेल?

६ एप्रिल, रविवार

दोन दिवस तयारी चालू आहे. मी पाठ लिहून दिला, ती चूल सांभाळत म्हणते. पाठांतर उत्तम आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

"हवाबंद म्हण."

"तोंड बांधून म्हनलं तर काय हुतंय?"

"सगळा महाराष्ट्र बघणार आहे."

"सगळ्या म्हाराष्ट्राला तोंड बांधून कळंना व्हय?" असं म्हणाली आणि मग हवाबंद म्हणाली. प्रक्रिया म्हणाली. वृद्धिंगत तर माझ्यापेक्षा चांगलं म्हणाली.

८ एप्रिल, मंगळवार

चित्रण झालं. कॅमेरा लागताच ही पाठ विसरली आणि लोणच्यावर गेली. निर्माते खूश होते. मीच पुढे होऊन हात जोडले, की साहेब, आणखी एकदा घ्या, तिला शुद्ध येतं. सिंधु मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, पहिलं चांगलं होतं." मी म्हणालो, गावाची शोभा नको. निर्माते म्हणाले, बाकीच्या जिल्ह्यांनाही कळायला हवं, घेऊन ठेवू. मग शिवकांता हात बांधून उभी राहिली आणि सगळा पाठ एका दमात म्हणाली. एक काना चुकला नाही.

 घरी येताना म्हणाली, "झाले का मी पास तुमच्या शाळेत?"

मी म्हणालो, "पहिल्या वर्गात."

ती हसली, पण मला तिच्याकडे बघवेना. का ते कळत नाही. सगळं मनासारखंच तर झालं.

१३ एप्रिल, रविवार

शिवकांताने त्या दिवशी समोर उभं राहून झाकून घेतलेल्या कडब्याचे एकवीस दिवस पुरे झाले. सटवाजीने ताडपत्री सोडली. झणझणीत वास. घटकाभर पसरून ठेवला आणि मग पाटी शेवऱ्यापुढे सारली. त्याने हुंगलं, तोंड फिरवलं. मग एक काडी उचलली. मग पाटीत तोंड घातलं ते तळ लागेपर्यंत काढलं नाही. सटवाजीने मला नमस्कार केला. मी त्याचे हात धरून शिवकांताकडे वळवले. हे लिहिताना मला फार बरं वाटतं आहे.

२८ एप्रिल, सोमवार

आज कार्यक्रम दाखवला. शेजारच्या वस्तीवरचीही माणसं आली, तळेवाडीचे चौघे भिंतीपाशी उभे. सिंधु मॅडम कागद घेऊन कडुनिंबाखाली. शिवकांता बायकांच्यात, पदर तोंडावर. वीज गेली नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

साडेसहाला ही पडद्यावर आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मग सगळी ओसरी चिडीचूप. दाखवलं ते दुसरं चित्रण, पाठाचं. शिवकांता स्पष्ट म्हणाली, "युरियाच्या द्रावणाची प्रक्रिया केलेली वैरण हवाबंद अवस्थेत ठेवावी." माझा ऊर भरून आला. इतकं सुंदर मराठी आमच्या घरात राहतं!

आणि मग सटवाजी उठला. संचाकडे पाठ केली, सवयीने हात वर केला आणि मागे बघून विचारलं, "आक्का, काय म्हनली गं ती बाई?"

त्याच्या मागोमाग नागुबाई वळली, विठाबाई वळली, मग सगळं गाव वळलं. पडद्यावर शिवकांता एकटीच बोलत राहिली. सगळ्यांच्या पाठी संचाकडे, समोर पाहणीचा कागद, भिंतीपाशी तळेवाडीवाले गालात हसतात.

 शिवकांताने पदर बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. ती विचारत होती. चौतीस वर्षांच्या संसारात तिने बोलायच्या आधी मला असं विचारावं, अशी सवय मीच तिला तीन आठवड्यांपूर्वी लावली होती.

मी खुर्चीतून उठलो. म्हणालो, "सांग. तुझ्या बोलीत सांग."

"आरं, लोनचं रं," ती म्हणाली. "सांगितलं न्हाई का तुला? बरनीचं तोंड बांधायचं."

"मंग तसं म्हनायचं की तिनं," सटवाजी म्हणाला, आणि सगळे हसले. सगळ्यांत आधी शिवकांता हसली.

मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. भिंतीपाशी उभा असलेला तळेवाडीचा शेषेराव मध्येच म्हणाला, "ताडपत्री नसंल तर चालतंय का, आक्का?" ती म्हणाली, "शेणामातीनं लिंपलं तरी जमतंय," आणि तो खाली बसून ऐकायला लागला.

लोक पांगल्यावर मी सिंधु मॅडमपुढे हजेरीवही धरली. चूक माझी आहे, तिची नाही, असं सांगितलं. त्यांनी वही उघडलीही नाही.

"संच इथंच राहील गुरुजी."

"पण सगळ्यांनी पाठ फिरवली."

"हाव," त्या म्हणाल्या. मुंबईची बोली बाजूला ठेवून खास अहमदपुरी म्हणाल्या. "संच उद्या तळेवाडीला नेताव. काकू कुटून आनाव?" मग आपल्या नेहमीच्या भाषेत सांगितलं, की लोणच्याचं पहिलं चित्रण त्यांनी जपून ठेवलं आहे, आपल्या भागासाठी तेच लावायला सांगणार आहेत, आणि दर महिन्याला काकूंचा एक कार्यक्रम करायचा विचार आहे. फक्त गुरुजींनी पाठ लिहून द्यायचा नाही.

मी कबूल केलं.

कार्यक्रमाचा उरलेला भाग चालू होता तेव्हाच माझी खुर्ची मी ओसरीवरून उचलून कडुनिंबाखाली नेऊन ठेवली होती. तिथून पडदा नीट दिसत नाही, ऐकू मात्र चांगलं येतं.

आजची हजेरी एकशे त्रेसष्ट. मोजली तेव्हा एकशे बासष्ट भरली होती. त्रेसष्टावा मी.